मागे पडलेल्या मुलांची शिक्षिका : डॉ. मारिया माँटेसरी

घरातील लहानग्याला पहिल्यांदा शाळेत पाठविताना आपण बालवाडी किंवा माँटेसरी हे शब्द सहजपणे वापरतो. रंगीत ठोकळे, बुटक्या खुर्च्या आणि जमिनीवर अंथरलेल्या चटया असे चित्र त्या शब्दासरशी डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र हा शब्द म्हणजे एका इटालियन महिलेचे आडनाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्या मुलांपुढे शाळेचे दार कायमचे बंद झाले होते, त्यांच्यात राहून त्या महिलेने आपल्या शिक्षणपद्धतीचा पाया घातला, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. शिकणे ज्यांना जमणारच नाही असा शिक्का बसला होता, त्या मुलांसाठी तिने आपले पहिले पाठ तयार केले. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या जीवनातील ती सुरुवात प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने आठवावी अशी आहे.

बालपण आणि वैद्यकीय शिक्षण

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना प्रांतात, कियाराव्हाले या गावी झाला. वडील आलेसांद्रो हे सरकारी सेवेत अधिकारी होते. आई रेनिल्दे या वाचनाची आवड असलेल्या सुशिक्षित गृहिणी होत्या. १८७५ साली हे कुटुंब रोम शहरात स्थायिक झाले. गणितात गोडी असलेल्या मारिया यांनी तेराव्या वर्षी मुलांच्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. प्रथम त्यांना अभियंता व्हायचे होते. पुढे त्यांचे मन वैद्यकशास्त्राकडे वळले.

त्या काळी इटलीत वैद्यकीय महाविद्यालयात मुलगी दिसणे ही नवलाईची गोष्ट होती. मारिया यांनी आधी निसर्गविज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. पुरुष विद्यार्थ्यांच्या समवेत शवविच्छेदन करणे स्त्रीला शोभणारे नाही, असे मानले जाई. त्यामुळे इतर विद्यार्थी निघून गेल्यावर त्यांना एकटीने ते काम करावे लागे. १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, अशी मागणी मांडली.

मनोरुग्णालयातील मुले

१८९७ सालापासून त्या रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. उपचारासाठी रुग्ण निवडण्याच्या निमित्ताने त्यांना शहरातील मनोरुग्णालयांत जावे लागे. तेथे त्यांनी एक विदारक दृश्य पाहिले. ज्या बालकांची बुद्धी वयाच्या मानाने वाढली नव्हती, ज्यांना बोलता येत नव्हते किंवा ज्यांना शाळेने नाकारले होते, अशी मुले प्रौढ मनोरुग्णांसोबत कोंडून ठेवलेली होती. त्यांच्या खोलीत खेळणे नव्हते, रंग नव्हता, हातात धरायला एकही वस्तू नव्हती. जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर पडलेला पावाचा चुरा गोळा करीत आणि त्याच्याशी चाळा करीत बसत. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटे. मारिया यांना मात्र त्यात वेगळीच भूक दिसली. हात काहीतरी शोधत होते आणि त्या हातांना देण्यासारखे तेथे काहीच नव्हते, असे त्यांच्या लक्षात आले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

या मुलांविषयी कोणी पूर्वी विचार केला आहे का, याचा शोध घेताना त्यांना दोन फ्रेंच डॉक्टरांचे लेखन सापडले. पहिले झाँ इतार. दक्षिण फ्रान्समधील आव्हेरॉनच्या जंगलात सापडलेल्या, माणसांपासून दूर वाढलेल्या एका मुलाला त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कित्येक वर्षे शिकविले होते. तो मुलगा धडपणे बोलू शकला नाही. परंतु स्पर्श, दृष्टी व श्रवण यांच्याद्वारे शिक्षण कसे द्यावे, याचा मार्ग त्या प्रयत्नातून दिसला. दुसरे इतार यांचे शिष्य एदुआर सेगँ. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसाठी त्यांनी पॅरिसमध्ये शाळा चालविली, १८४६ साली आपल्या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे अमेरिकेत जाऊन हेच कार्य वाढविले. आधी शरीराची हालचाल, मग इंद्रियांचे शिक्षण, नंतर कल्पना आणि विचार, असा त्यांच्या अभ्यासक्रमाचा क्रम होता.

या वाचनातून मारिया यांची एक ठाम धारणा झाली. अशा मुलांचा प्रश्न केवळ औषधांचा नाही, तो मुख्यतः शिक्षणाचा आहे. १८९८ साली तुरीन येथील शिक्षण परिषदेत शेकडो शिक्षकांसमोर त्यांनी हे मत मांडले आणि या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग व प्रशिक्षित शिक्षक हवेत, असा आग्रह धरला. एका तरुण महिला डॉक्टरने शिक्षकांना त्यांच्याच कर्तव्याची आठवण करून द्यावी, ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती.

असा घडला अभ्यासक्रम

१९०० साली रोममध्ये ऑर्थोफ्रेनिक विद्यालय सुरू झाले. विशेष मदतीची गरज असलेल्या मुलांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे हे त्याचे उद्दिष्ट होते आणि त्याला जोडून मुलांचा वर्गही होता. डॉ. ज्युसेप्पे माँतेसानो यांच्यासमवेत मारिया यांनी त्याचे संचालकपद सांभाळले. शाळांनी हताश होऊन पाठविलेली मुले तेथे येत. पुढे मनोरुग्णालयांतील मुलेही आणली गेली. संचालिका असूनही मारिया कार्यालयात बसून राहिल्या नाहीत. सकाळी आठ वाजल्यापासून संध्याकाळी सात वाजेपर्यंत त्या स्वतः मुलांमध्ये असत. रात्री दिवसभराच्या नोंदी लिहून काढीत, त्यांची तुलना करीत आणि दुसऱ्या दिवशीचे साहित्य तयार करीत.

त्या काळातील एक प्रसंग त्यांच्या साऱ्या पद्धतीचे मर्म सांगतो. अकरा वर्षांच्या एका मुलीला त्या रफू करायला शिकवीत होत्या. सुई एका धाग्याखालून घालून दुसऱ्यावरून काढायची, इतकी साधी कृतीही तिला जमेना. मारिया यांनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. त्यातही पट्टी एकदा खालून, एकदा वरून न्यावी लागते. पण पट्टी मोठी असते, डोळ्यांना दिसते, हाताला पेलते. चटई विणणे अंगवळणी पडल्यावर त्यांनी मुलीच्या हाती पुन्हा सुई दिली. आता तिला रफू जमू लागले. रफूचा पाठ पुन्हापुन्हा न गिरवताही तिचा हात त्या कामासाठी तयार झाला होता.

हाच धडा त्यांनी लेखनाला लावला. मुलाच्या हाती एकदम लेखणी देण्याऐवजी लेखनात कोणकोणत्या क्रिया येतात, याचा त्यांनी विचार केला. अक्षराचा आकार ओळखणे ही एक क्रिया, त्या वळणाने हात फिरविणे ही दुसरी आणि लेखणी धरून तिच्यावर ताबा ठेवणे ही तिसरी. प्रत्येकीचा सराव वेगळा देता येतो. त्यासाठी त्यांनी वळणदार अक्षरांची सुंदर लाकडी वर्णमाला बनवून घेतली. लहान अक्षरे आठ सेंटिमीटर उंचीची, स्वर तांबड्या रंगात आणि व्यंजने निळ्या रंगात होती. मुले त्या अक्षरांवरून लिहिण्याच्याच दिशेने बोट फिरवीत. डोळ्यांना न उमजलेले अक्षर बोटांना उमजू लागले.

नावे शिकविण्यासाठी त्यांनी सेगँ यांची तीन टप्प्यांची रीत स्वीकारली. प्रथम वस्तू दाखवून फक्त तिचे नाव सांगायचे. मग अनेक वस्तूंतून नाव घेतलेली वस्तू मुलाला उचलायला सांगायची. शेवटी वस्तू दाखवून तिचे नाव विचारायचे. मूल चुकले तर त्याला रागवायचे नाही किंवा चूक पुन्हापुन्हा दाखवायची नाही. त्या दिवसापुरता पाठ थांबवायचा आणि पुन्हा केव्हातरी पहिल्या टप्प्यापासून आरंभ करायचा. आज विशेष शिक्षणाच्या वर्गांत मोठी कृती छोट्या पायऱ्यांत विभागून शिकविली जाते. त्या विचाराची बीजे येथे स्पष्ट दिसतात.

याचे फळ सर्वांना थक्क करणारे होते. मनोरुग्णालयातून आलेली काही मुले नीट वाचू-लिहू लागली आणि सर्वसाधारण मुलांसाठी असलेल्या सरकारी शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक त्याला चमत्कार म्हणू लागले. मारिया यांच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. आपली मुले योग्य मार्गाने शिकविल्यामुळे इतरांच्या बरोबरीला आली असतील, तर निरोगी आणि सुदृढ मुलांना शाळेने इतक्या खालच्या पातळीवर का रोखून धरले आहे, हा तो प्रश्न होता.

साधनांवरच सारे अवलंबून आहे, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. सेगँ यांचे साहित्य अनेक संस्थांमध्ये धूळ खात पडलेले त्यांनी पाहिले होते. मुलाच्या अंतर्यामी झोपलेल्या माणसाला प्रेमाने आणि आदराने हाक मारता आली पाहिजे, तरच ठोकळे आणि अक्षरे उपयोगी पडतात, असा त्यांचा अनुभव होता.

एका आईची व्यथा

या यशस्वी वर्षांमागे एक दुःख दडलेले होते. डॉ. माँतेसानो आणि मारिया यांच्यात प्रेमसंबंध निर्माण झाला होता आणि ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्यांचा विवाह झाला नाही. तत्कालीन समाजात अविवाहित मातेला सन्मानाने जगणे अशक्य होते आणि विवाहित स्त्रीला असे कार्य पुढे चालविणेही कठीण होते. बाळ मारिओ याला रोमबाहेर खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढविण्यासाठी सोपविण्यात आले. १९०१ साली डॉ. माँतेसानो यांनी दुसरीशी विवाह केला आणि मारिया यांनी ते विद्यालय कायमचे सोडले. दुसऱ्यांच्या टाकलेल्या मुलांना दिवसाचे अकरा तास देणारी ही स्त्री स्वतःच्या मुलाला केवळ अधूनमधून पाहुणीसारखी भेटू शकत होती. तिचा न्याय करणे आपले काम नाही. परंतु एकट्या पडलेल्या मुलाची वेदना तिला इतकी जवळून का कळली असावी, हे समजण्यास हा प्रसंग साहाय्यभूत ठरतो. पुढे १९१३ च्या सुमारास किशोरवयीन मारिओ आईकडे राहावयास आला आणि अखेरपर्यंत तिचा सहकारी बनला. तथापि, अनेक वर्षे त्याची ओळख जगाला भाचा म्हणूनच करून दिली गेली.

विद्यालय सोडल्यावर मारिया पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. तत्त्वज्ञान, शिक्षणशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचा त्यांनी अभ्यास केला. छपाईपूर्व काळात बेनेडिक्टाईन संन्यासी ज्याप्रमाणे ग्रंथ हाताने उतरवून काढीत, त्याप्रमाणे त्यांनी इतार आणि सेगँ यांचे लेखन आरंभापासून शेवटपर्यंत इटालियन भाषेत स्वहस्ते लिहून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलून पाहता यावा, हा त्यामागील हेतू होता.

सान लोरेन्झो येथील बालगृह

६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू झाले. आईवडील कामावर गेल्यावर इमारतीत मोकाट फिरणाऱ्या, तीन ते सहा-सात वर्षांच्या सुमारे पन्नास मुलांना सांभाळण्यासाठी घरमालक कंपनीने एक खोली दिली होती. मारिया यांनी ऑर्थोफ्रेनिक विद्यालयातील साहित्य तेथे आणले. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणारे दहा घन, लाकडी खाचांत अचूक बसणाऱ्या दट्ट्या, गुंड्या लावण्याच्या आणि नाड्या बांधण्याच्या चौकटी, दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत लांबीचे तांबडे-निळे अंकदंड अशी साधने हळूहळू तयार झाली. लाकडी अक्षरे महाग असल्यामुळे पॉलिश पेपर कापून खरखरीत अक्षरे बनविण्यात आली. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज जगभरच्या बालवर्गांत वापरली जाते.

दोन्ही ठिकाणांतील फरक त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविला आहे. विशेष गरजा असलेल्या मुलाला तेच साहित्य देताना शिक्षिकेला सतत जवळ राहावे लागे, उत्तेजन द्यावे लागे. इतर मुले मात्र त्यात स्वतःच रमून जात, आपली चूक स्वतः दुरुस्त करीत आणि तीच कृती पुन्हापुन्हा करीत. साहित्य एकच, परंतु मदतीचे प्रमाण वेगळे, हा फार मोलाचा बोध आहे.

त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात गच्चीवर ऊन खात असताना त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरच्या धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. चित्र पूर्ण होताच त्या मुलाचा चेहरा उजळला. तो गुडघ्यांवर बसला आणि फरशीवर एकामागून एक शब्द लिहू लागला. तोवर त्याला लेखनाचा म्हणून एकही पाठ दिलेला नव्हता. अक्षरांवरून बोट फिरवून त्याचा हात आधीच तयार झाला होता. रफू शिकलेल्या त्या मुलीचाच मार्ग या मुलालाही लेखनापर्यंत घेऊन आला होता.

१९०८ च्या डिसेंबरअखेर सिसिली बेटावरील मेसिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यात अनाथ झालेल्या सुमारे साठ बालकांना फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींनी रोममधील आपल्या मठात आश्रय दिला. आघाताने मूक आणि उदास झालेल्या या मुलांसाठी तेथे बालगृह सुरू झाले. भांडी मांडणे, पाहुण्यांना वाढणे, बागेची निगा राखणे अशा कामांतून ती मुले हळूहळू पुन्हा हसू-खेळू लागली. मारिया स्वतः कॅथलिक होत्या. पुढे बार्सिलोना येथे त्यांनी लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचे प्रयोग केले आणि चर्चच्या जीवनात बालकांचा सहभाग या विषयावरील त्यांचे पुस्तक १९२२ साली प्रसिद्ध झाले.

भारतातील वास्तव्य

१९०९ साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. मुसोलिनीच्या राजवटीशी मतभेद झाल्याने १९३४ साली त्यांना मायदेश सोडावा लागला. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह चेन्नईजवळील अड्यार येथे आल्या. त्यांच्या पहिल्या प्रशिक्षणवर्गास तीनशेहून अधिक विद्यार्थी होते. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने मारिओ यांना अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील छावणीत स्थानबद्ध केले आणि मारिया यांच्या हालचालींवर निर्बंध घातले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयच्या आदेशाने मारिओ यांची मुक्तता झाली. त्यासाठी आलेल्या तारेत त्यांचा उल्लेख मुलगा असाच केलेला होता. इतकी वर्षे झाकून ठेवलेले नाते एका सरकारी तारेने उघडपणे मान्य केले. महाराष्ट्राच्या भूमीवरून या मातेला तिचा पुत्र परत मिळाला, असे म्हणता येईल. १९४६ पर्यंत त्या भारतात राहिल्या आणि पुढेही पुन्हा आल्या.

त्यापूर्वीच त्यांचे विचार आपल्याकडे रुजू लागले होते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. १९४५ साली त्या शहर सोडून बोर्डी येथे गेल्या आणि अनुताई वाघ यांना सोबत घेऊन ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या परदेशी साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. जी मुले शाळेपर्यंत पोहोचू शकत नव्हती, त्यांच्या अंगणात शाळा नेण्यात आली. या मुलांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. गरिबी, घरची वेगळी बोली आणि शाळेचे परकेपण यांमुळे त्यांना अधिक मदतीची गरज होती.

आपली जबाबदारी

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डविक येथे डॉ. माँटेसरी यांचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

आज त्यांच्या नावाच्या अनेक शाळा भरमसाट फी आकारतात आणि प्रवेश देताना चुणचुणीत मुलांची निवड करतात. ज्या मुलांसाठी ही पद्धती जन्मली, तीच मुले त्यांच्या दाराबाहेर उभी राहतात, ही खेदाची गोष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले आहे आणि अध्ययन अक्षमतेलाही मान्यता दिली आहे. परंतु कायदा वर्गात येऊन मुलाचे बोट धरीत नाही. ते काम शिक्षकाचे, आईवडिलांचे आणि आपणा सर्वांचे आहे.

पहिली-दुसरीच्या वर्गात एखादे मूल अडखळत असेल, इतरांची पाने भरत असताना त्याची वही कोरी राहत असेल, तर त्याला आळशी किंवा मठ्ठ ठरविण्याची घाई आपण करू नये. तोच पाठ दहा वेळा गिरवून घेण्याआधी, त्या पाठापूर्वीची कोणती पायरी त्याला मिळालेली नाही, याचा शोध घ्यावा. सुई बाजूला ठेवून त्याच्या हाती चटईच्या पट्ट्या देण्याचा धीर आपण दाखवावा. सव्वाशे वर्षांपूर्वी रोममधील एका डॉक्टरने तो धीर दाखविला होता आणि त्यामुळेच ज्या मुलांकडून कोणालाच आशा नव्हती, ती मुले लिहू-वाचू लागली.